घरगुती संगणकावर दुसरी संचालन प्रणाली

घरगुती संगणकावर मूळ संचालन प्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, कायम ठेवून दुसरी प्रणाली वापरण्याचे चार मार्ग प्रचलित आहेत: आभासी यंत्र, विंडोजमधील लिनक्स उपप्रणाली, दुहेरी स्थापना अर्थात ड्युअल बूट, आणि पेन ड्राइव्हवरून चालणारी थेट प्रणाली. भारतात बहुतेक वेळा मूळ प्रणाली विंडोज आणि दुसरी लिनक्स असते. मार्गाची निवड संगणकातील रॅम, हाती असलेले काम आणि डिस्कवर कोणाकोणाची माहिती आहे यांवर अवलंबून असते. यांपैकी शेवटच्या बाबीकडे सहसा दुर्लक्ष होते.

पार्श्वभूमी

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकी अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकांसाठी ६४-बिट मुक्त स्रोत लिनक्स प्रणालीची शिफारस केलेली असते. या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये पुणे शहराबाहेरही आहेत. बारामती तालुक्यातील माळेगाव बुद्रुक येथील शिवनगर विद्या प्रसारक मंडळाचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांपैकी एक होय. प्रयोगशाळेतील संगणकावर लिनक्स आयतेच मिळते. घरी मात्र विद्यार्थ्यापुढे विंडोज असलेला एकच संगणक असतो, आणि त्यावर भावंडांचा अभ्यास, घरातील छायाचित्रे, क्वचित शेतीचे वा दुकानाचे हिशेबही असतात. विंडोज १० चे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा लागत असल्याने अनेक जुन्या संगणकांच्या मालकांनाही आता लिनक्सचा विचार करावा लागत आहे.

आभासी यंत्र

या पद्धतीत विंडोजच्या आत एका सॉफ्टवेअरद्वारे कृत्रिम संगणक उभा केला जातो आणि त्यात लिनक्स चालते. लिनक्सची संपूर्ण डिस्क ही विंडोजच्या दृष्टीने एक मोठी फाइल असते. ती पुसली की लिनक्स गेले, बाकी काही बिघडत नाही. व्हर्च्युअलबॉक्स हे यासाठीचे सर्वपरिचित सॉफ्टवेअर २००७ मध्ये जर्मनीतील इनोटेक कंपनीने मुक्त स्रोत स्वरूपात आणले. पुढे ते सन आणि २०१० पासून ओरॅकल कंपनीकडे आले.

खरी अडचण रॅमची असते. उबुंटूच्या डेस्कटॉप आवृत्तीसाठी ४ जीबी रॅम आणि २५ जीबी डिस्कची शिफारस आहे. संगणकात एकूण ४ जीबीच रॅम असेल तर दोन्ही प्रणाली एकमेकींची उपासमार करतात. ८ जीबी असल्यास काम सुसह्य होते. प्रोसेसरमधील आभासीकरणाची सुविधा बायोसमध्ये बंद असू शकते. ती चालू न केल्यास आभासी यंत्र सुरूच होत नाही किंवा अतिशय मंद चालते.

विंडोजमधील लिनक्स उपप्रणाली

मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये आणलेली ही सुविधा डब्ल्यूएसएल या नावाने ओळखली जाते. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत खरे लिनक्स कर्नल हलक्या आभासी यंत्रात चालते. शेल स्क्रिप्ट, सी भाषेतील आज्ञावली, प्रक्रिया आणि थ्रेड यांची प्रात्यक्षिके यांसाठी ती पुरेशी ठरते. पूर्ण लिनक्स डेस्कटॉप हाताळण्याचा सराव मात्र तिच्यातून होत नाही.

दुहेरी स्थापना

दुहेरी स्थापनेत डिस्कचे पार्टिशन करून दोन्ही प्रणाली स्वतंत्रपणे बसवल्या जातात, आणि संगणक सुरू होताना ग्रब नावाचा आरंभक कोणती प्रणाली हवी ते विचारतो. लिनक्सला सगळी रॅम आणि ग्राफिक कार्ड थेट मिळत असल्याने वेगाच्या बाबतीत ही पद्धत सरस आहे. धोकाही तिच्यातच सर्वाधिक आहे. स्थापनेच्या वेळी ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय चुकून निवडला गेल्यास विंडोजसह घरातील सर्वांची माहिती जाते. पार्टिशन लहान करण्याचे काम चालू असताना वीज गेल्यास फाइल प्रणाली मोडू शकते; यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर ही शक्यता गृहीतच धरावी लागते. त्यामुळे बाह्य डिस्कवर घेतलेली प्रत ही या पद्धतीची पूर्वअट मानली जाते.

अनेक नव्या लॅपटॉपवर विंडोज डिस्क आपोआप कूटबद्ध करते. सिक्युअर बूट किंवा आरंभाची मांडणी बदलल्यावर ती ४८ अंकी पुनर्प्राप्ती कळ मागू शकते. ही कळ सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि ते खाते कधी वडिलांच्या नावे, तर कधी विक्रीच्या वेळी दुकानदाराने उघडून दिलेले असते. ती आधीच लिहून ठेवलेली नसेल तर माहिती डिस्कवर असूनही वाचता येत नाही. विंडोजचा ‘फास्ट स्टार्टअप’ चालू राहिल्यास लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनवर लिहिता येत नाही, म्हणून तो बंद करतात.

घड्याळाचा घोटाळा त्या मानाने निरुपद्रवी आहे. लिनक्स संगणकाच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवते, तर विंडोज त्याच घड्याळातील वेळ स्थानिक समजते. परिणामी भारतात लिनक्स वापरून विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसते.

थेट प्रणाली

पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करता येते आणि त्यासाठी डिस्कला हात लावावा लागत नाही. साठवणीची खास सोय केलेली नसेल तर संगणक बंद होताच केलेले काम नाहीसे होते. वाय-फाय, ध्वनी आणि टचपॅड चालतात की नाही, हे दुहेरी स्थापनेपूर्वी तपासण्यासाठी हा मार्ग उत्तम आहे.

मराठी वापर

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने डेबियनवर आधारित ‘बॉस’, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स, ही प्रणाली विकसित केली असून तिच्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. इनस्क्रिप्ट कळफलक उबुंटूतही उपलब्ध आहे. आभासी यंत्रात तो लिनक्सच्या बाजूने वेगळा निवडावा लागतो. विंडोजमध्ये केलेली निवड तेथे लागू होत नाही. डब्ल्यूएसएलच्या टर्मिनल खिडकीत देवनागरी जोडाक्षरे अनेकदा तुटलेली दिसतात, मात्र फाइलमधील मजकूर शाबूत असतो.