लघुलहरींवरील आठवडा

एका देशातून दुसऱ्या देशातील श्रोत्यांसाठी होणाऱ्या रेडिओ प्रसारणास आंतरराष्ट्रीय नभोवाणी म्हणतात. भारतीय श्रोत्यांना ती आठवते प्रामुख्याने बातम्यांसाठी. युद्ध, सत्तांतर वा एखाद्या नेत्याची हत्या अशा प्रसंगी घरोघरचे ट्रान्झिस्टर हमखास बीबीसीवर लागत. मात्र या केंद्रांची वेळापत्रके पाहिली, तर बातमीपत्रे हा केवळ त्यांचा कणा होता, हे ध्यानात येते. त्याभोवती वार्ताहरांची पत्रे, नाटके, संगीत, पुस्तकचर्चा, विज्ञान, क्रीडा आणि श्रोत्यांचा पत्रव्यवहार असा सप्ताहभराचा ऐवज बांधलेला असे. आठवडी बाजाराप्रमाणे प्रत्येक कार्यक्रमाचा वार आणि वेळ ठरलेली असे. गेल्या दीड दशकात लघुलहरींवरील अनेक केंद्रे शांत झाली. बातम्यांना त्यामुळे अन्य वाटा सापडल्या. या आठवड्याला मात्र पुरेसा पर्याय अद्याप सापडलेला नाही.

साडेचा ठोका

बीबीसीची ‘एम्पायर सर्व्हिस’ १९ डिसेंबर १९३२ रोजी इंग्लंडमधील डॅव्हेंट्री येथील प्रक्षेपण केंद्रावरून सुरू झाली. सुरुवातीचे कार्यक्रम फार रंजक वा फार चांगले नसतील, असा इशारा बीबीसीचे प्रमुख जॉन रीथ यांनी पहिल्याच भाषणात देऊन ठेवला होता. पुढे सहाच दिवसांनी, नाताळच्या दिवशी, राजे पाचवे जॉर्ज यांचा संदेश साम्राज्यभर ऐकविण्यात आला. त्याचा मजकूर मुंबईत जन्मलेले लेखक रुडयार्ड किपलिंग यांनी लिहिला होता. १९३८ मध्ये अरबी ही या सेवेची पहिली परकीय भाषा ठरली. इंग्रजी सेवेला ‘वर्ल्ड सर्व्हिस’ हे नाव १९६५ मध्ये मिळाले.

या सेवेचे घड्याळ ग्रिनिचचे. १९२४ पासून प्रसारित होणारे सहा ‘पिप्स’ तास भरल्याची खूण देत आणि लगोलग जगाच्या बातम्या सुरू होत. भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असल्याने हा ठोका भारतात साडेच्या सुमारास पडे. सकाळी साडेसहा, रात्री साडेआठ किंवा साडेनऊ या वेळा नेमाने ऐकणाऱ्यांच्या अंगवळणी पडल्या त्या यामुळेच. बातमीपत्र संपले की लगेच दुसरा कार्यक्रम सुरू होई. बातम्यांसाठी रेडिओ लावलेला माणूस तो बंद करण्याचा कंटाळा करी आणि न मागितलेले काही ऐकून जाई. या प्रसारणाचे बरेचसे सांस्कृतिक कार्य अशा रीतीने घडले.

एका आठवड्याची रचना

सोमवार ते शुक्रवार या दिवसांवर चालू घडामोडींचा भर असे. १९८८ मध्ये सुरू झालेल्या ‘न्यूजअवर’ने दिवसाच्या बातम्यांना सविस्तर चर्चेची जोड दिली. १९६६ पासूनच्या ‘आउटलुक’ने सामान्य माणसांच्या असामान्य अनुभवांना जागा दिली. शनिवारी फुटबॉलचे धावते वर्णन जगभर ऐकले जाई. पुस्तकप्रेमींसाठी २००२ मध्ये ‘वर्ल्ड बुक क्लब’ आला. त्यात एक लेखक आपल्या एका पुस्तकाविषयी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देत असे. ‘प्ले ऑफ द वीक’ या नावाने नाटकेही होत.

या साप्ताहिक परंपरेतील सर्वांत दीर्घायुषी नाव म्हणजे ॲलिस्टर कुक यांचे ‘लेटर फ्रॉम अमेरिका’. मार्च १९४६ मध्ये अवघ्या तेरा भागांच्या बोलीवर सुरू झालेली ही मालिका फेब्रुवारी २००४ पर्यंत चालली आणि तिचे २८६९ भाग झाले. एक माणूस, एक ध्वनिग्राहक आणि सुमारे पंधरा मिनिटे, एवढाच तिचा संसार. राष्ट्राध्यक्षांची निवडणूक, गोल्फ, जॅझ, वर्णद्वेष, न्यू इंग्लंडमधील पानगळ असा कोणताही विषय तिला वर्ज्य नव्हता. मालिका थांबल्यानंतर काही आठवड्यांतच, वयाच्या ९५व्या वर्षी कुक यांचे निधन झाले.

१९५५ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्रॉम अवर ओन करस्पॉन्डंट’ची रीत निराळी. बातमीत जे मावत नाही ते वार्ताहराने येथे सांगावे, अशी अपेक्षा असते. सीमेवरील प्रतीक्षा, बाजारातील कुजबुज, घरमालकाचा स्वभाव अशा तपशिलांतून देशाचे चित्र उभे राहते. दिवसाच्या बातमीत देश संकटाच्या रूपात भेटतो, तर साप्ताहिक पत्रात तेथील माणसे नित्याच्या आयुष्यात भेटतात, हा या दोन प्रकारांतील भेद होय.

मॉस्को रेडिओवर जो ॲडमॉव्ह ‘मॉस्को मेलबॅग’मधून श्रोत्यांच्या प्रश्नांना इंग्रजीतून उत्तरे देत. नेदरलँड्सचा, १९२८ मध्ये सुरू झालेला ‘हॅपी स्टेशन’ हा रंजनाचा कार्यक्रम रविवारी कुटुंबाने एकत्र बसून ऐकावा अशा बेताचा असे. दूरदेशीच्या केंद्राने आपले पत्र वाचून दाखविणे हा त्या काळातील श्रोत्यांसाठी मोठाच आनंद होता.

मराठी वार्तापत्र

या साप्ताहिक रचनेत मराठीलाही स्थान मिळाले होते. मे १९४० मध्ये बीबीसीचे हिंदुस्तानी प्रसारण सुरू झाले. १९४२ मध्ये मराठीची भर पडली आणि ही मराठी सेवा १९५८ पर्यंत चालली. त्या वेळी पूर्वेकडील देशांसाठीच्या विभागात काम करणारे लेखक जॉर्ज ऑर्वेल दर आठवड्याला युद्धस्थितीचा आढावा इंग्रजीत लिहीत. त्यांच्या वार्तापत्रांची गुजराती, मराठी, बंगाली आणि तमिळ भाषांतरे प्रसारित होत. मूळच्या कोल्हापूरकडील लेखिका वेणू चितळे त्यांच्या सहकारी होत्या आणि मराठी वार्तापत्राचे वाचनही त्या करीत.

ऑर्वेल यांनी याच विभागातून ‘व्हॉइस’ नावाचे कवितेचे ध्वनि-मासिकही चालविले. त्यात टी. एस. एलियट आणि मुल्कराज आनंद यांनी भाग घेतला होता. युद्धप्रचारासाठी उभारलेल्या यंत्रणेतून कवितेवर चर्चा होणे हे विसंगत वाटते. आपले प्रसारण भारतात फारसे कोणी ऐकत नसावे, अशी खंत ऑर्वेल यांनाही होती आणि १९४३ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. परंतु बातम्यांच्या सोबतीने साहित्य पोहोचविण्याचा पायंडा पुढे टिकून राहिला. मराठी बीबीसी २ ऑक्टोबर २०१७ रोजी पुन्हा अवतरली, ती मात्र इंटरनेटवर.

जॅझ आणि सावकाश इंग्रजी

अमेरिकेचे ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ हे केंद्र १ फेब्रुवारी १९४२ रोजी जर्मन भाषेतील प्रसारणाने सुरू झाले. त्याचा सर्वांत लोकप्रिय आवाज ठरला तो राजकीय भाष्यकाराचा नव्हे, तर १९५५ पासून जॅझ ऐकविणाऱ्या विलिस कोनोव्हर यांचा. पूर्व युरोप व सोव्हिएत संघातील संगीतकारांच्या एका पिढीने जॅझचे धडे त्यांच्याकडून घेतले. स्वदेशात मात्र ते जवळजवळ अनोळखी राहिले. सरकारी खर्चाने परदेशांसाठी केलेले कार्यक्रम अमेरिकेत प्रसारित करण्यास १९४८च्या कायद्याने आडकाठी केली होती. १९९६ मध्ये मृत्यूपर्यंत ते हे काम करीत होते.

१९५९ मध्ये याच केंद्राने ‘स्पेशल इंग्लिश’ सुरू केले. सुमारे १५०० शब्दांचा साठा, लहान वाक्ये आणि संथ उच्चार हे त्याचे नियम. विज्ञान, अमेरिकी इतिहास आणि लघुकथा या मर्यादेत राहून सांगितल्या जात. आशिया व आफ्रिकेतील असंख्य श्रोत्यांसाठी ती इंग्रजीची विनाशुल्क शाळाच होती.

आवाजावरील पहारा

हे सारे निरुपद्रवी होते असे सत्ताधीशांना कधीच वाटले नाही. सोव्हिएत संघ परकीय केंद्रांच्या कंप्रतेवर कर्कश गोंगाट सोडून ती ऐकू येणार नाहीत अशी व्यवस्था करी. बीबीसीवरील हा अडथळा १९८७च्या जानेवारीत हटला. बीबीसीच्या बल्गेरियन सेवेत काम करणारे लेखक गिऑर्गी मार्कोव्ह यांच्यावर सप्टेंबर १९७८ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलावर विषप्रयोग झाला आणि चार दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. ऑगस्ट १९९१ च्या फसलेल्या उठावात क्रिमियातील निवासस्थानी कोंडले गेलेले मिखाईल गोर्बाचेव्ह यांनाही बाहेरची खबर बीबीसी व अन्य परकीय केंद्रांवरूनच मिळाली.

म्यानमारच्या आँग सान सू ची यांचे उदाहरण वेगळे आहे. प्रदीर्घ नजरकैदेत रेडिओ हाच त्यांचा जगाशी दुवा होता. सुटकेनंतर जून २०१२ मध्ये लंडनला आल्या असता त्यांनी आवर्जून आठवण काढली ती श्रोत्यांच्या पसंतीची गाणी लावणाऱ्या ‘अ जॉली गुड शो’ची. त्या कार्यक्रमामुळे आपले जग अधिक परिपूर्ण झाले, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. कोंडलेल्या माणसाला बातमीइतकीच गाण्याचीही निकड असते, याची ही साक्ष म्हणता येईल.

लहरींचे गणित

लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरातील आयनांबरावरून परावर्तित होऊन पृथ्वीकडे परततात. त्यामुळे एका प्रक्षेपकाचा आवाज हजारो किलोमीटर दूर पोहोचतो. दिवसा वरच्या आणि रात्री खालच्या कंप्रता अधिक उपयोगी पडतात. म्हणून केंद्रे दिवसातून अनेकदा मीटर-पट्टे बदलत आणि मार्च व ऑक्टोबरअखेर नवे वेळापत्रक काढीत. आवाज खालीवर होणे, दोन केंद्रे एकमेकांत मिसळणे हे दोष त्यात होतेच.

परंतु या तंत्राचे दोन गुण आजही दुर्मिळ आहेत. संच विकत घेतल्यावर ऐकण्याचा खर्च बॅटरीपुरताच राहतो आणि कोणी काय ऐकले याची नोंद कोठेही होत नाही. इंटरनेट सरकारला एका आदेशाने बंद करता येते. परदेशातून येणारी लहर अडविण्यासाठी मात्र महागडी यंत्रणा उभारावी लागते.

शांत झालेली केंद्रे

रेडिओ नेदरलँड्सची इंग्रजी सेवा २९ जून २०१२ रोजी थांबली. त्याच वर्षी १२ जुलैला वर्ल्ड सर्व्हिसने सात दशके जेथे काढली ते लंडनचे बुश हाउस सोडले. मॉस्कोची परंपरा चालविणारे ‘व्हॉइस ऑफ रशिया’ २०१४ मध्ये मिटले. ग्रामीण उत्तर भारतात घरोघरी ऐकले जाणारे बीबीसी हिंदीचे लघुलहरींवरील प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी संपले. भारतात खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नसल्याने ते त्या वाटेने परतूही शकले नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये बीबीसीने अरबी, फारसी, बंगाली व उर्दूसह दहा भाषांतील रेडिओसेवा आवरत्या घेण्याचे जाहीर केले. त्यानुसार अरबी रेडिओ ८५ वर्षांनंतर जानेवारी २०२३ मध्ये बंद झाला. मार्च २०२५ मध्ये व्हॉइस ऑफ अमेरिकाचे कर्मचारी सक्तीच्या रजेवर पाठविण्यात आले, तेथील प्रसारण ठप्प झाले आणि वाद न्यायालयात गेला.

खर्च आणि घटते श्रोते ही त्यामागची कारणे खरी आहेत. कार्यक्रमही पूर्णतः नाहीसे झालेले नाहीत. ‘फ्रॉम अवर ओन करस्पॉन्डंट’ पॉडकास्टच्या रूपाने कधीही ऐकता येतो आणि आवाज पूर्वीपेक्षा कितीतरी स्वच्छ असतो. मात्र तेथे श्रोत्याला आधी काय हवे ते ठाऊक असावे लागते. युद्धाची बातमी शोधणाऱ्याच्या कानी ओघाने एखादे नाटक वा दूरच्या गावचे पत्र पडण्याचा योग त्यात क्वचितच येतो.

संकटकाळी जुने तंत्र पुन्हा आठवते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण होताच बीबीसीने युक्रेन व रशियाच्या काही भागांसाठी लघुलहरींवर रोज चार तासांचे इंग्रजी प्रसारण सुरू केले. २०२३ मध्ये सुदानसाठी लघुलहरींवर आणि गाझासाठी मध्यम लहरींवर अरबी भाषेतील तातडीची सेवा देण्यात आली. संकटात सापडलेल्यांना माहिती पोहोचविणे हे या प्रसारणांचे काम होते आणि ते मोलाचेच होते. परंतु नाटक, पुस्तक, संगीत आणि पत्रे यांनी भरलेला सबंध आठवडा अशा तातडीच्या सेवेत मावत नाही. तो घडण्यास अनेक वर्षे सलग चाललेले प्रसारण आणि ठरल्या वेळी रेडिओ लावणारा श्रोता, दोहोंची गरज असते.