मैदानावरील मुली आणि त्यांची शरीरकमाई

फुटबॉल हा मुलींचा खेळ नव्हे, असे म्हणणारे सुशिक्षित गृहस्थ आजही पुष्कळ आढळतात. कारण विचारले की बहुधा शरीराकडे बोट दाखविले जाते: मुलीचा दम कमी, गुडघे नाजूक, तेव्हा तिने या धकाधकीत पडू नये. हा समज कोठून आला व त्यापायी खेळणाऱ्या मुलींचे काय नुकसान झाले, तेवढे आज सांगावयाचे आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडातील प्रेस्टन येथे दारूगोळ्याच्या कारखान्यातील कामकरी स्त्रियांनी १९१७ साली ‘डिक, कर लेडीज’ हा फुटबॉलचा संघ उभा केला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना पाहावयास ५३,००० लोक जमले होते. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, तेथील फुटबॉल असोसिएशनने हा खेळ स्त्रियांस अयोग्य असल्याचे ठरवून आपल्या संघांची मैदाने त्यांना बंद केली. ही बंदी उठावयास १९७१ साल उजाडले. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये हाच प्रकार घडला. ८०० मीटरची शर्यत जर्मनीच्या लीना राडके हिने २ मिनिटे १६.८ सेकंदांत, म्हणजे जागतिक विक्रमाने, जिंकली. परंतु काही धावपटू थकलेल्या दिसल्या म्हणून वृत्तपत्रांनी गहजब केला आणि १९६० पर्यंत स्त्रियांना २०० मीटरपलीकडे धावू दिले नाही. शर्यतीनंतर पुरुष जमिनीवर आडवा झाला की त्याच्या जिद्दीचे कौतुक होते, ही गोष्ट अलाहिदा!

नुकसान केवळ सामन्यांचे झाले नाही. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत गेर्शलर व राइंडेल यांनी थोडे वेगाने धावावे, थोडी विश्रांती घ्यावी, पुन्हा धावावे अशी पद्धत शास्त्रशुद्ध केली. स्वीडनमध्ये होल्मेर यांनी रानावनांतून वेग कमीजास्त करीत धावण्याची ‘फार्टलेक’ पद्धत रूढ केली. हे सर्व ज्ञान मुख्यतः पुरुषांच्या शरीरावर तपासले गेले. जी मैदानावरच नाही, तिचा दम मोजणार कोण? पुढे मुली खेळू लागल्या तेव्हा पुरुषांसाठी बेतलेला सरावच त्यांच्या गळ्यात पडला.

आमच्याकडे मात्र एक खेळ मुलींच्या हाती राहिला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम बांधले, आणि पुढे शाळाशाळांतून मुली तो खेळू लागल्या. या खेळात काय काय घडते ते पाहा. पाटीवर बसलेली मुलगी ‘खो’ मिळताच उसळून उठते. एकदा दिशा धरली की खांबाला वळसा घातल्यावाचून तिला मागे फिरता येत नाही. पळणारी क्षणोक्षणी हुलकावणी देते. हे नऊ मिनिटे चालावयाचे. तोकडी धाव, अल्प विश्रांती, अचानक वळण: गेर्शलरांनी घड्याळ लावून जे घडविले, त्याचाच हा अवतार नव्हे काय? १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकात प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी नेपाळला ७८–४० असे हरविले, त्यामागे ही दीर्घ तालीम आहे.

आळेफाट्यासारख्या हमरस्त्यांच्या चौकात वसलेल्या गावी हिरवळीचे फुटबॉल-मैदान दुर्मिळ. दोन खांब रोवून खो-खो मांडणे मात्र सोपे. म्हणून फुटबॉल शिकू पाहणाऱ्या मुलीस प्रथम खो-खो खेळू द्यावा, असे माझे मत आहे. तिची चपळाई तेथे तयार होते. राहतो तो दीर्घ दम आणि गुडघा. वरच्या दर्जाच्या सामन्यात खेळाडू स्त्री ९० मिनिटांत सुमारे दहा किलोमीटर अंतर तोडते. त्यासाठी चार-चार मिनिटांच्या जोरकस धावा, मध्ये तीन मिनिटे संथ धावणे, असे चार फेरे उपयोगी पडतात. आरंभी दोनच करावेत.

गुडघ्याची भीती मात्र अगदीच निराधार नाही. ज्या अस्थिबंधास डॉक्टर ‘एसीएल’ म्हणतात, तो फुटबॉल खेळणाऱ्या मुलींत मुलांपेक्षा दुपटी-तिपटीने अधिक वेळा तुटतो. पण यावर खेळ सोडणे हा उपाय नव्हे. नॉर्वेत १२५ संघांतील १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींवर प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा पूर्वव्यायाम करणाऱ्या मुलींत गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने घटल्या.

त्यात हलके धावणे आहे, एका पायावर तोल सांभाळणे आहे, बैठका आहेत. गुडघ्यांवर उभे राहून, सोबतिणीने घोटे धरले असता, ताठ शरीराने सावकाश पुढे झुकावयाचे आहे. यामुळे मांडीच्या मागच्या स्नायूंस बळकटी येते. उडी मारून उतरताना गुडघे आत वळू न देता पावलांच्या रेषेत ठेवावयाचे, याकडे शिक्षकाने डोळ्यांत तेल घालून पाहावे. साधने लागतात ती एक चेंडू आणि थोडी सपाट, खडे वेचलेली जागा.