डांस कोणता?

अंधेरी आणि बोरीवली यांच्या दरम्यान गोरेगांवीं १९४९ सालीं आरे वसाहत उभी राहिली व मुंबईच्या तबेल्यांतील म्हशींना मोकळी जागा मिळाली. जेथें गुरें आणि ओली जमीन, तेथें डांस यावयाचाच; त्याच्या अळ्या चिखलांतच वाढतात. या माशीस कोणी गोमाशी म्हणतात, कोणी घोडमाशी. म्हशीला नांवाची पर्वा नसते. शेपटीच्या फटकाऱ्यापुढें तिला सर्व डांस सारखेच. शास्त्राला तसें करून चालत नाहीं.

कारण ‘सर्रा’ हा रोग. मराठी ‘सूर’ म्हणजे नाकपुडींतून चालणारा श्वास, त्यावरून हें नांव जगाच्या पशुवैद्यकांत गेलें, अशी व्युत्पत्ति कोशांत दिली आहे. १८८० सालीं डेरा इस्माइलखान येथें ग्रिफिथ एव्हान्स यांनीं या रोगाचे जंतु पाहिले. म्हशीच्या रक्तांत ते कित्येकदां निमूटपणें राहतात. घोड्याचा मात्र बहुधा प्राण घेतात. डांस हे जंतु एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतो, हें १९०१ सालीं लिओनार्ड रॉजर्स यांनीं प्रयोगानें दाखविलें. पण कोणता डांस?

लिनीअसनें १७५८ सालीं ‘टबॅनस’ हें नांव ग्रंथीं नोंदविलें. पुढें त्याचा शिष्य फाब्रिसिअस, मग वीडेमान, वॉकर अशा पंडितांनीं युरोपांत बसून पूर्वेकडील सुकलेल्या माशांचीं बारशीं केलीं. वर्णनें पुष्कळदां चार ओळींचीं. अनेक जातींच्या जिवंत डांसाच्या डोळ्यांवर सुंदर रंगीत पट्टे असतात व ओळखीस ते फार उपयोगी. पण माशी सुकली कीं ते मावळतात. टांचणीवर उरतो तो साक्षीदार अर्धा मुका! मग मादीच्या दोन डोळ्यांमधील पट्टी, तिच्यावरील चकचकीत उंचवटा, शृंगिका, पंखांच्या शिरा यांवरून निवाडा करावयाचा. नराचे डोळे एकमेकांस भिडलेले असतात. तो रक्त पीत नाहीं, फुलांचा रस चाखतो. तेव्हां नवराबायकोची निरनिराळ्या नांवांनीं नोंद होणें सहज शक्य होतें.

१९११ सालीं गर्ट्रूड रिकार्डो या विदुषींनीं कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमच्या नियतकालिकांत पौर्वात्य डांसांची फेरतपासणी प्रसिद्ध केली. एकाच जातीस दोन नांवें पडलेलीं आढळलीं कीं आधीचें राखावयाचें, मागाहूनचें सोडावयाचें, हा शास्त्राचा नियम. काम कंटाळवाणें खरें, पण त्यावांचून गत्यंतर नव्हतें.

तरीहि गुंता उरलाच. सर्रा पसरविणारा म्हणून ‘टबॅनस स्ट्रायेटस’ हें नांव ग्रंथांत वारंवार येई. १९७८ सालीं थायलंडमधील डांसांचा अभ्यास प्रसिद्ध करतांना जॉन बर्टन यांनीं त्या नांवाभोंवतीं गोळा झालेल्या सारख्या दिसणाऱ्या जाती वेगळ्या केल्या. जुन्या प्रयोगांतील डांस यांपैकीं नेमका कोणता, हें त्या वेळचा नमुना, टांचणीखालच्या ठिकाण-तारखेच्या चिठ्ठीसह, कोठें जपलेला असेल तरच सांगतां येतें.