मालकाचे बायबल, गुलामाचे बायबल

धर्मग्रंथाच्या रोजच्या वाचनाचा विषय काढला की आपल्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठी पडते. ती पडावी अशीच या देशातली परंपरा आहे. पोथी वाचणारा एक, ऐकणारे शंभर, आणि आमचा माणूस त्या शंभरातही नाही, तो उंबऱ्याबाहेर. तेव्हा रोज सकाळी पवित्र पुस्तकाचा एक अध्याय वाचायचा आणि त्यावर मनन करायचे, ही सवय म्हणजे पोट भरलेल्या माणसाची फावल्या वेळची शांती, असे आपल्याला वाटले तर नवल नाही. मलाही तसेच वाटत होते. अमेरिकेतल्या काळ्या गुलामांचा इतिहास वाचताना ही समजूत डळमळीत झाली. त्याच वाचनाचे दोन इतिहास आहेत, आणि ते एकमेकांच्या उरावर बसलेले आहेत.

पहिला इतिहास मालकाचा. मेरीलंड राज्यातल्या सेंट मायकल्स या गावी थॉमस ऑल्ड नावाचा एक गुलामांचा धनी होता. १८३२ च्या ऑगस्टमध्ये तो मेथडिस्टांच्या मैदानी मेळाव्याला गेला आणि तेथे त्याचे मनःपरिवर्तन झाले. फ्रेडरिक डग्लस हा पुढे जगप्रसिद्ध झालेला माणूस तेव्हा त्याचा गुलाम होता. धन्याला देव भेटला, आता तो आपल्याला सोडील, निदान बरे वागवील, अशी आशा या पोराला वाटली. धनी सकाळ, दुपार, रात्र प्रार्थना करू लागला. त्याचे घर धर्मोपदेशकांचे मुक्कामाचे ठिकाण झाले. आणि याच घरात एका पंगू तरुण स्त्रीला बांधून, तिचे खांदे उघडे करून, तो तिला रक्त निघेपर्यंत चाबकाने मारी आणि मारता मारता बायबलातले वचन म्हणे. डग्लसने हे १८४५ च्या आपल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. नित्यनेम होता, पाठांतर होते, कदाचित श्रद्धाही असेल. वाचलेल्या शब्दाने या माणसाला एकदाही अडवले नाही, एवढीच उणीव होती.

मालकाला पुस्तकाची भीती मात्र होती. ती भीती किती खोल होती हे पाहायचे तर लंडनमध्ये १८०७ साली छापलेले एक बायबल पाहावे. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या निग्रो गुलामांच्या धर्मांतरासाठी काम करणाऱ्या एका संस्थेसाठी ते काढले होते. प्रोटेस्टंट बायबलात ११८९ अध्याय असतात. या पुस्तकात २३२ ठेवले. इस्राएली लोक मिसरच्या गुलामीतून बाहेर पडतात तो 'निर्गम'मधला भाग कापला. ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही, असे पौलाने जेथे म्हटले आहे ते वचनही गेले. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी हा उपदेश मात्र जागच्या जागी राहिला. आपल्याकडे ग्रंथ दाखवायचाच नाही अशी रीत होती; तेथे ग्रंथ कापून दाखवला. दोन्हींचा हिशेब एकच. या बायबलाच्या मोजक्याच प्रती आज उरल्या आहेत. त्यांतली एक अमेरिकेतल्या फिस्क विद्यापीठात आहे. हे विद्यापीठ गुलामी संपल्यावर मुक्त झालेल्या काळ्यांसाठी सुरू झाले होते.

अमेरिकेतल्या दक्षिणेकडील राज्यांनी आणखी सोपा उपाय केला. वाचताच येऊ नये. १८३० ला उत्तर कॅरोलायनाच्या विधिमंडळाने गुलामाला लिहा-वाचायला शिकवणे हा गुन्हा ठरवला. गोऱ्याने शिकवले तर दंड किंवा कैद. गुलामाने गुलामाला शिकवले तर उघड्या पाठीवर ३९ फटके. या कायद्यात एक सवलत होती, ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे: आकडे शिकवायला हरकत नव्हती. पोती मोजायला आकडे लागतात. १८३२ ला अलाबामाने असाच कायदा करून दंड अडीचशे ते पाचशे डॉलरपर्यंत नेला. मधल्या काळात, १८३१ च्या ऑगस्टमध्ये, व्हर्जिनियात नॅट टर्नरचा उठाव झाला होता. टर्नर वाचू शकणारा गुलाम होता. एका गोऱ्या वकिलाने त्याचा जबाब छापला आहे. त्यात लेखणी वकिलाची आहे हे विसरू नये, पण त्यावरून दिसते ते असे की देवाच्या राज्याचा शोध घ्या या अर्थाचे एक वचन या माणसाने वर्षानुवर्षे, नांगर धरलेला असतानासुद्धा, मनात घोळवत ठेवले होते. मनन म्हणतात ते हेच, आणि त्याचा शेवट फासावर झाला. हिंसेचा प्रश्न वेगळा आहे, तो येथे मी सोडवायला बसलेलो नाही. मला दिसते ते एवढेच, की एकच वचन रोज घोळवले तर ते ऑल्डच्या हातात चाबूक होते आणि टर्नरच्या हातात आणखी काही.

डग्लसकडे परत येतो, कारण वाचनाची सवय कशी लागते याची त्याच्याइतकी खरी हकीगत माझ्या वाचनात नाही. लहानपणी त्याला बाल्टिमोर शहरात थॉमसचा भाऊ ह्यू ऑल्ड याच्या घरी ठेवले होते. ह्यूची बायको सोफिया मोठ्याने बायबल वाचीत असे. ते ऐकून या पोराला कुतूहल वाटले आणि त्याने तिला शिकव म्हणून सांगितले. तिने मुळाक्षरे, तीन-चार अक्षरांचे शब्द शिकवले. नवऱ्याला कळले तेव्हा तो संतापला. हा बायबल वाचायला शिकला तर गुलाम म्हणून कायमचा निकामी होईल, असे तो तिला बजावू लागला. पोरगा ऐकत होता. धन्याला ज्याची एवढी भीती वाटते त्यातच आपली सुटका असणार, हे त्याने त्याच दिवशी ओळखले. त्याला मिळालेला हा पहिला धडा पुस्तकातला नव्हता.

पुढे बाल्टिमोरच्या गटारांत पडलेली बायबलची सुटी पाने तो वेचून आणी, धुई, वाळवी आणि सवड मिळाली की त्यांतले एखाददुसरे वाक्य वाची. १८५५ च्या आपल्या दुसऱ्या आत्मकथनात त्याने हे सांगितले आहे. आपल्याकडे पवित्र ग्रंथ सोवळ्यात गुंडाळून ठेवतात. येथे तो गटारातून उचलला आहे, आणि उचलणाऱ्याचे हात विटाळले नाहीत की ग्रंथ विटाळला नाही. पुढचे पान उद्या सापडेल की नाही याचीही खात्री नसलेल्या मुलाचे ते वाचन होते. म्हणूनच सापडलेले वाक्य तो पुरवून पुरवून वाचीत असणार.

याच काळात त्याला लॉसन नावाचा एक काळा म्हातारा भेटला. मालाची घोडागाडी हाकणारा हा माणूस. त्याला वाचता जेमतेम येई. तेराचौदा वर्षांचा डग्लस रविवारचा वेळ त्याच्याकडे घालवी. धन्याने चाबकाची धमकी दिली तरी जाणे थांबले नाही. अवघड शब्द पोरगा लावून देई. म्हातारा त्यातला आशय उकली. अक्षरात एक पुढे, अर्थात दुसरा. सामुदायिक वाचनाची याहून चांगली रीत मला माहीत नाही. आमच्या महाविद्यालयांत ज्याला अभ्यासमंडळ म्हणतात तेथे एकजण बोलतो आणि बाकीचे चहाची वाट पाहतात.

सेंट मायकल्सला आल्यावर डग्लसने काही जणांबरोबर रविवारची शाळा काढली. डझनभर जुनी शब्दलेखनाची पुस्तके आणि थोडे नवे करार, एवढीच सामग्री. दुसऱ्याच बैठकीला गावातले गोरे धर्मबंधू काठ्या घेऊन घुसले. पुढारी होते ते चर्चमधल्या वर्गांचे प्रमुख, आणि त्यांच्यात तीन वेळा प्रार्थना करणारा थॉमस ऑल्डही होता. गुलामांनी रविवारी दारू प्यावी, कुस्त्या खेळाव्यात, याला धन्याची ना नसे. बायबल वाचू नये. पुढे १८३५ च्या सुमारास फ्रीलंड नावाच्या धन्याच्या शेतावर असताना डग्लसने पुन्हा शाळा काढली, या वेळी एका स्वतंत्र काळ्या माणसाच्या घरी, लपून. एका वेळी चाळीसवर शिकणारे होते. हिवाळ्यात रविवारखेरीज आठवड्यातल्या तीन रात्री तो शिकवी. दिवसभर शेतात राबलेली माणसे पाठीवर ३९ फटके बसतील हे माहीत असताना रात्री येऊन अक्षरे लावीत बसत. सवय लावणे हे शब्द आपण किती सैलपणे वापरतो!

आणि ज्यांना अक्षर मिळालेच नाही त्यांचे काय? तेही मुकाट ऐकत नव्हते. जॉर्जियात चार्ल्स कॉलकॉक जोन्स नावाचा पाद्री होता. गुलामांना वाचायला न शिकवता तोंडी धर्मशिक्षण द्यावे, या मताचा तो पुरस्कर्ता. त्यासाठी त्याने प्रश्नोत्तरे रचली होती. १८३० च्या दशकात एकदा त्याने फिलेमोनास लिहिलेल्या पत्रावर प्रवचन केले आणि पळून जाणाऱ्या गुलामांचा निषेध केला. निम्मे श्रोते उठून चालते झाले. असले पत्र बायबलात नाहीच, असे काहींनी तोंडावर सांगितले. जोन्सनेच हे नोंदवले आहे. पत्र बायबलात आहे, त्या अर्थी ते लोक चुकले. पण पुस्तकात काय असायला हवे याचा निर्णय त्यांनी आपल्याकडे घेतला होता, आणि तो निर्णय निरक्षर माणसांचा होता.

१८६५ ला गुलामी कायद्याने संपली. बुकर वॉशिंग्टनने लिहिले आहे की त्या काळात म्हाताऱ्या माणसांची एकच इच्छा असे, मरण्यापूर्वी बायबल वाचता यावे. पन्नास, पंच्याहत्तर वर्षांची माणसे रात्रशाळेत दिसत. १८७० ला काळ्यांत निरक्षर सुमारे ८० टक्के होते, १९१० ला ते ३० टक्क्यांच्या आसपास आले. हे सगळे बायबलामुळे झाले असे कोणी म्हणू नये. शाळा झाल्या, शिक्षक झाले, पोटाला चिमटा घेऊन वर्गणी दिलेली माणसे होती. परंतु अनेकांच्या हातातले पहिले पुस्तक तेच होते.

डग्लसचे दुसरे आत्मकथन आले त्याच १८५५ साली, काही महिने आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या मांगाच्या मुलीचा निबंध छापून आला. ती जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी, वय चौदाच्या आसपास. वेद ब्राह्मणांचे, ते पाहण्याची आम्हाला बंदी, मग आमचे पुस्तक कोणते, आम्ही धर्मपुस्तकावाचून राहिलो, असा तिचा रोकडा सवाल आहे. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मराठी मिशनचे पत्र. म्हणजे ज्या अमेरिकेत काळ्या मुलीला बायबल वाचायला शिकवणे हा अनेक राज्यांत गुन्हा होता, त्याच अमेरिकेतून आलेल्या मिशनच्या पत्रात मांगाची मुलगी आपल्याला पुस्तक नाही म्हणून जाब विचारीत होती. मिशनरी बहुतांशी उत्तरेकडच्या राज्यांतले होते, हे न्यायासाठी सांगितले पाहिजे. अठरा वर्षांनी, १८७३ ला, जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध झगडणाऱ्या सत्पुरुषांना अर्पण केली, त्यामागे हा सगळा संबंध आहे.

आता या इतिहासातली मला सर्वांत मोठी वाटणारी व्यक्ती. तिला वाचता येत नव्हते. नॅन्सी अ‍ॅम्ब्रोज, फ्लोरिडातल्या एका मळ्यावर गुलामीत जन्मलेली बाई. तिचा नातू हॉवर्ड थर्मन आठवड्यातून दोन-तीनदा तिला बायबल वाचून दाखवी. काय वाचायचे ते आजी ठरवी. स्तोत्रे, यशयातला काही भाग, शुभवर्तमाने. पौलाची पत्रे मात्र नाहीत. फार तर कधीमधी करिंथकरांच्या पहिल्या पत्रातला प्रेमावरचा तेरावा अध्याय. नातवाला विचारायची छाती होत नसे. महाविद्यालयात शिकत असताना सुटीत घरी आला तेव्हा त्याने विचारले. तिने सांगितले की गुलामीत धनी काळ्या उपदेशकाला बोलू देत नसे. गोरा पाद्री येई, आणि तो वर्षातून तीन-चारदा तरी पौलाचे तेच वचन घेई, दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, हीच देवाची इच्छा. तेव्हाच तिने देवाला वचन दिले होते, की स्वातंत्र्य मिळाले आणि कधी वाचता आले तर तेवढा भाग आपण वाचणार नाही.

१८०७ च्या बायबलातही कात्री होती आणि या म्हातारीच्या हातातही. मालकाने मुक्तीचा भाग कापला, तिने मालकाचा भाग कापला. तिने बायबल टाकले नाही आणि बायबलापुढे मान तुकवलीही नाही. थर्मनने ही हकीगत १९४९ च्या आपल्या 'जीझस अँड द डिसइनहेरिटेड' या ग्रंथात सांगितली आहे. त्या ग्रंथाचे मूळ एका प्रश्नात आहे. १९३५ च्या अखेरीस थर्मन सिलोन-हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला असता कोलंबोत एकाने त्याला विचारले, की तुझ्या लोकांना ज्यांनी गुलाम केले त्यांचाच धर्म घेऊन तू येथे कसा? त्याच ऑक्टोबरात, १३ तारखेला, बाबासाहेबांनी येवल्याला हिंदू म्हणून न मरण्याची घोषणा केली होती. थर्मन गांधींना बार्डोलीला भेटला. येवल्याच्या माणसाशी त्याची भेट झाली असती तर काय बोलणे झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आपल्याकडे १९५७ पासून एक ग्रंथ आहे. वर्षावासात विहारांत त्याचे रोज वाचन होते. काही ठिकाणी त्याचे पारायण होऊ लागले आहे, हेही मी पाहतो: ठरलेल्या दिवसांत ग्रंथ संपवायचा, शेवटी खीर. बाबासाहेबांनी त्याच्या प्रास्ताविकातच परंपरेला प्रश्न विचारले आहेत. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला हे बुद्धीला पटत नाही, असे म्हणून त्यांनी ती गोष्ट बाजूला ठेवली. ज्या ग्रंथाची सुरुवात अशी, तो प्रश्न न विचारता कसा वाचता येईल?

मी आठवी-नववीत असताना वस्तीतल्या विहारात वाचायचे काम माझ्याकडे असे. भरभर वाचून पाने संपवावीत आणि खेळायला पळावे एवढाच माझा धम्म. एक म्हातारी, आम्ही तिला मोठीआई म्हणत असू, पहिल्या रांगेत बसे. गृहत्यागाचा भाग चालला असता तिने मला मध्येच थांबवले. "थांब रे बाबा. जाताना त्यानं बायकूला इचारलं का?" लोक हसले. मी चिडलो. पान उलटले, तर पुढे यशोधरेचेच बोलणे होते: त्याच्या जागी मी असते तर मीही दुसरे काय केले असते, अशा अर्थाचे. ते वाचून झाल्यावर मोठीआई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी पुढचा भाग काढला तेव्हा तिने मला कालचेच पान पुन्हा वाचायला लावले.