बहिर्जी नाईक : हेरखात्यांतील एक कारकीर्द

सांगली आणि मिरज या दोन नगरांच्या मध्यें कुपवाड वसलेलें आहे. १९९८ सालीं या तिन्ही ठिकाणांची मिळून एक महानगरपालिका झाली. कुपवाडचें नांव आज निघतें तें बहुधा तेथील कारखान्यांच्या निमित्तानें. परंतु येथून उत्तरेस खानापूर तालुक्याकडे गेलें म्हणजे सोलापूर जिल्ह्याच्या सीमेजवळ बाणूरगड लागतो. इतिहासांत ज्याला भूपाळगड म्हणतात तोच हा किल्ला. गडावर एक समाधि दाखवितात. ती शिवछत्रपतींच्या हेरखात्याचा मुख्य बहिर्जी नाईक याची, असें या भागांतील लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत.

सेनापतीची कारकीर्द लिहिणें सोपें असतें. त्यानें जिंकलेले किल्ले उभे असतात, त्याला मिळालेल्या इनामांच्या सनदा दप्तरांत सांपडतात, आणि शत्रूचे लेखकहि त्याचें नांव टिपून ठेवतात. हेराचें तसें नाहीं. त्याचें काम साधलें म्हणजे मागें खूण उरत नाहीं. म्हणून राज्याच्या मोठ्या अधिकाऱ्यांमध्यें हेरखात्याचा अधिकारी हा सर्वांत कमी ओळखीचा राहतो. बहिर्जी नाईक हें त्याचें उत्तम उदाहरण होय. त्याचा जन्म कोठें झाला, तो राजांच्या सेवेंत केव्हां आला, त्याला वेतन काय होतें, यांपैकीं एकाहि प्रश्नाचें खात्रीचें उत्तर बखरींतून मिळत नाहीं.

लोककथेनें ही उणीव भरून काढिली आहे. तिनें त्याला कधीं फकीर केलें, कधीं गोंधळी, कधीं ज्योतिषी. त्याच्या हाताखालीं हजारों हेर होते, असेहि आंकडे सांगितले जातात. हे आंकडे सभासदाच्या बखरींत नाहींत. कृष्णाजी अनंत सभासद हा शिवाजीमहाराजांच्या दरबारचा मनुष्य. त्यानें राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस १६९७ च्या सुमारास आपली बखर लिहिली. तींत बहिर्जी दोन महत्त्वाच्या प्रसंगीं दिसतो, आणि या दोन प्रसंगांवरूनच त्याच्या कारकीर्दीचें मोल करावें लागतें. सुदैवानें ते दोन्ही प्रसंग बोलके आहेत.

पहिला प्रसंग सुरतेचा. बखरकार सांगतो कीं बहिर्जी जाधव नाईक जासूद सुरतेस जाऊन आला आणि तें शहर मारल्यास अगणित द्रव्य सांपडेल असें त्यानें महाराजांस सांगितलें. एवढ्या एका वाक्याच्या पाठीमागें किती श्रम असतील याची कल्पना सुरतेच्या पुढील हकीकतीवरून येते. सुरत हें मोगलांचें पश्चिम किनाऱ्यावरील सर्वांत श्रीमंत बंदर. तें स्वराज्याच्या सीमेपासून कित्येक मजला दूर, आणि मध्यें मोगली मुलूख. ६ जानेवारी १६६४ रोजीं महाराज सुमारें चार हजार स्वारांनिशीं शहरापुढें उभे राहिले, तेव्हां शहराचा सुभेदार इनायतखान किल्ल्यांत जाऊन बसला. महाराजांनीं शहराकडे खंडणीची मागणी केली ती मोघम नव्हती. हाजी सय्यद बेग, हाजी कासम आणि बहरजी बोहरा या तीन धनाढ्य व्यापाऱ्यांचीं नांवें तींत होतीं. कोणाच्या वाड्यांत धन आहे, शहराला तट कोठें नाहीं, किल्लेदाराची हिंमत किती, हें सर्व आधींच ठाऊक असल्यावांचून अशी मागणी होत नाहीं.

त्याहूनहि महत्त्वाची गोष्ट निघण्याच्या वेळेची. मोगलांची कुमक येत आहे ही बातमी लागतांच १० जानेवारी रोजीं महाराज सुरत सोडून निघाले. मोगली फौज शहरांत पोहोंचली ती त्यानंतर सात दिवसांनीं. केव्हां यावें हें सांगणारा हेर चांगला खरा. परंतु केव्हां निघावें हें सांगणारा त्याहून चांगला. चार दिवसांच्या मोहिमेंत इतकें अचूक माप साधलें, त्याचें श्रेय तरवारीइतकेंच बातमीला दिलें पाहिजे.

दुसरा प्रसंग पंधरा वर्षांनंतरचा, आणि तो विजयाचा नव्हे, संकटाचा आहे. नोव्हेंबर १६७९ मध्यें महाराजांनीं जालना लुटलें. परत येतांना लुटीच्या ओझ्यानें फौजेची चाल मंदावली आणि रणमस्तखानानें तिला गांठलें. घनघोर लढाई झाली. सिधोजी निंबाळकर पडला, पुष्कळ माणसें कामास आलीं, आणि आणखी मोगली फौज जवळ येत होती. घेरा पूर्ण झाला असता तर खुद्द महाराजांवर प्रसंग होता. त्या वेळीं बहिर्जी पुढें झाला. शत्रूला माहीत नसलेल्या आडमार्गानें त्यानें तीन दिवस आणि तीन रात्री फौज चालविली आणि महाराजांस पट्टा किल्ल्यावर सुखरूप आणून पोहोंचविलें. येथें महाराजांनीं विसांवा घेतला म्हणून या किल्ल्यास विश्रामगड हें नांव पडलें.

या दोन प्रसंगांवरून एक गोष्ट दिसते. बहिर्जीचें ज्ञान दरबारांत बसून मिळविलेलें नव्हतें. सुरतेच्या पेठा त्यानें डोळ्यांनीं पाहिल्या होत्या आणि पट्ट्याकडील वाटा पायांखालीं घातल्या होत्या. राज्याभिषेकाच्या वेळीं, १६७४ मध्यें, अष्टप्रधानांचीं कामें ठरलीं, तेव्हां परराज्यांच्या बातम्यांचा भार सुमंतावर आला. त्या पदावर रामचंद्र त्रिंबक होते. बहिर्जी या आठांत नव्हता. त्याच्या नांवापुढें राहिला तो नाईक हाच शब्द. आणि पायदळांत नाईक म्हणजे नऊ पाइकांवरील लहानसा अंमलदार. ज्याच्या शब्दावर चार हजार स्वार मोगली मुलुखांत शिरत त्याचा हुद्दा इतका साधा असावा, हें वरकरणीं विचित्र वाटतें. परंतु या कामास मोठी पदवी ही अडचणच ठरते. पालखींतून जाणाऱ्या माणसापुढें बाजारांत कोणी मोकळेपणानें बोलत नाहीं.

भूपाळगडाचा संबंध याच काळांतला आहे. १६७९ च्या एप्रिलांत दिलेरखानानें हा गड घेतला. फिरंगोजी नरसाळा तेव्हां किल्लेदार होता, आणि संभाजीराजे त्या वेळीं मोगलांच्या पक्षाला मिळालेले होते. हातीं लागलेल्या सातशें लोकांचा एकेक हात दिलेरखानानें तोडला, असा क्रूर वृत्तांत आहे. या वेढ्यांतच बहिर्जीचा अंत झाला असें कोणी म्हटल्यास तें जुळत नाहीं, कारण त्याच वर्षाच्या अखेरीस जालन्याच्या वाटेवर तो महाराजांजवळ आहे. समाधीची परंपरा मात्र या भागानें श्रद्धेनें जपली आहे. ज्या माणसानें आयुष्यभर आपली ओळख लपविली, त्याची आठवण राजधानीपासून दूर अशा एका आडवळणी गडावर राहावी, हेंहि त्याच्या व्यवसायाला साजेसेंच म्हणावें लागेल.

चांगली बातमी आणणें हें हेराचें अर्धेंच काम. उरलेलें अर्धें ऐकणाराचें असतें. कौटिल्यानें आपल्या अर्थशास्त्रांत विद्यार्थी, संन्यासी, शेतकरी, व्यापारी आणि तपस्वी यांच्या वेषांतील हेर वर्णिले आहेत. परस्परांस न ओळखणाऱ्या तीन हेरांचें सांगणें जुळलें म्हणजे तें खरें धरावें, असा नियमहि त्यानें घालून दिला आहे. हा नियम हेरासाठीं नाहीं, राजासाठीं आहे. तो मोडला म्हणजे काय होतें हें १६८९ च्या फेब्रुवारींत महाराष्ट्रानें पाहिलें. मुकर्रबखान कोल्हापूर-पन्हाळ्याच्या बाजूनें घांट उतरून संगमेश्वरावर चालून गेला आणि छत्रपति संभाजीमहाराज शत्रूच्या हातीं सांपडले. हेरांनीं आधीं सूचना दिली होती, पण या वाटेनें मोगल येऊं शकणार नाहींत म्हणून तिच्यावर विश्वास ठेवला गेला नाहीं, असें खाफीखान लिहितो. तो मोगलांच्या बाजूचा लेखक, म्हणून त्याचें सर्वच प्रमाण मानूं नये. परंतु मोगलांच्या हेरांनीं आपलें काम त्या दिवशीं चोख केलें होतें, याविषयीं संशय नाहीं.

पेशवाईंत हें काम पत्रांवर आलें. दरबारोदरबारीं मराठ्यांचे वकील बसले : दिल्लीस हिंगणे, हैदराबादेस गोविंदराव काळे. हे उघड प्रतिनिधि होते. तरी त्यांचीं पत्रें वाचतांना त्यांचें अर्धें लक्ष बातमीकडे होतें हें स्पष्ट दिसतें. कोणाच्या छावणींत धान्य महागलें, कोणाच्या शिपायांचा पगार तुंबला, कोणता दिवाण कोणावर रुसला, हें सर्व पुण्यास नाना फडणविसांकडे जाई. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईंत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या हाताखालीं मराठे एकत्र लढले, त्यापूर्वीं निजामाचें सारें अंतरंग नानांच्या टेबलावर नव्हे, पण त्यांच्या दप्तरांत खात्रीनें येऊन पडलें होतें. पटवर्धनांच्या घरचे असे कागद मिरजेच्या हायस्कुलांतील शिक्षक वासुदेव वामन खरे यांनीं १८९७ पासून ऐतिहासिक लेखसंग्रहाच्या रूपानें छापण्यास आरंभ केला. कुपवाडच्या वेशीशीं लागून असलेल्या मिरजेंत एका शाळामास्तरानें हें काम आयुष्यभर, १९२४ मध्यें मरण येईपर्यंत, चालविलें. त्यामुळें शेंकडों अज्ञात बातमीदारांचे शब्द आज आपणांस वाचतां येतात.

इंग्रजी राज्यांत हेरगिरीचें रीतसर सरकारी खातें झालें. १८८७ मध्यें सिमल्यास त्याचा पाया घातला गेला, १९०४ मध्यें त्याची वाढ झाली, आणि १९२० पासून तें इंटेलिजन्स ब्यूरो म्हणून ओळखलें जाऊं लागलें. आतां हेरखात्याच्या प्रमुखाला हुद्दा, कचेरी आणि बढती मिळाली. सर डेव्हिड पेट्री हा पंजाबच्या पोलिसांत चढत गेला, १९२४ ते १९३१ या ब्यूरोचा संचालक झाला, आणि पुढें १९४१ मध्यें खुद्द इंग्लंडच्या अंतर्गत हेरखात्याचा मुख्य झाला. कारकीर्द म्हणून याहून यशस्वी उदाहरण सांपडणें कठीण. पण खातें जसें मोठें झालें तसें तें लोकांपासून दूर गेलें, आणि त्याची परीक्षा याच कृष्णाकांठीं झाली.

१९४२ च्या चळवळीनंतर त्या वेळच्या सातारा जिल्ह्यांत प्रतिसरकार उभें राहिलें. आजच्या सांगली जिल्ह्यांतील वाळवें, तासगांव, शिराळा, खानापूर हे तालुके तेव्हां त्यांतच होते. दक्षिण सातारा हा जिल्हा १९४९ मध्यें वेगळा झाला आणि १९६० मध्यें त्यास सांगली हें नांव मिळालें. क्रांतिसिंह नाना पाटील यांना पकडण्यासाठीं सरकारनें बक्षीस लाविलें, पोलिसांच्या तुकड्या गांवोगांव फिरविल्या. नाना पाटील १९४६ पर्यंत भूमिगत राहिले आणि सरकारच्या हातीं लागले नाहींत. येथें हेरखात्याजवळ पैसा होता, मनुष्यबळ होतें, कायदा होता. नव्हता तो गांवकऱ्यांचा विश्वास. गुराख्याचें पोर पोलिसांची वर्दी नाना पाटलांस देई, पोलिसांस नाना पाटलांची वर्दी देत नसे. शिवकालीं जें बळ बहिर्जीच्या पाठीशीं होतें तें आतां सरकारच्या विरुद्ध उभें होतें.

स्वातंत्र्यानंतर या खात्याचे पहिले भारतीय संचालक संजीवी पिल्ले झाले. त्यांच्यामागून भोलानाथ मलिक यांनीं १९५० ते १९६४ असा प्रदीर्घ कारभार पाहिला. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर बातम्यांच्या उणिवेची चर्चा झाली. अखेर १९६८ मध्यें परदेशी बातम्यांसाठीं रिसर्च अँड अॅनालिसिस विंग हें निराळें खातें निघालें आणि रामेश्वरनाथ काव त्याचे पहिले प्रमुख झाले. मलिकांनीं निवृत्तीनंतर आपल्या आठवणींचे ग्रंथ लिहिले. काव १९७७ पर्यंत त्या पदावर राहिले आणि २००२ मध्यें वारले. लोकांपुढें येण्याचें त्यांनीं जन्मभर टाळलें. या दोन वृत्तींपैकीं बहिर्जीला कोणती जवळची वाटली असती हें सांगावयास नको.

तीनशें वर्षांत साधनें बदललीं. पायवाटेची जागा तारेनें घेतली, तारेची बिनतारी यंत्रानें. परंतु हेराच्या कारकीर्दीचीं तीन मापें तींच राहिलीं : त्याला भूमि आणि माणसें किती ठाऊक आहेत, लोक त्याच्या धन्याला आपला मानतात कीं नाहीं, आणि तो धनी त्याचें अप्रिय सांगणेंहि ऐकून घेतो कीं नाहीं. बहिर्जीला तिन्ही गोष्टी लाभल्या. म्हणून बखरींतील दोनच प्रसंगांनीं त्याचें नांव टिकलें, आणि बाणूरगडाच्या माथ्यावर आजहि लोक त्याच्या समाधीपुढें हात जोडतात.