एका 'मंदिरा'ची गोष्ट

हल्ली शाळेत काही खुट्ट झाले की अर्ध्या तासात ते मोबाईलवर येते आणि संध्याकाळपर्यंत कोण देशभक्त आणि कोण देशद्रोही याचा निकालही लागतो. लोकांना वाटते, हे आजचेच खूळ आहे. मंडळी, तसे नाही. माझ्या जन्माच्या आधी आपल्याच वऱ्हाडात असा वाद पेटला होता.

१९३७ साली मध्यप्रांत आणि वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. शिक्षणमंत्री होते पंडित रविशंकर शुक्ल. पुढच्याच वर्षी डॉ. ना. भा. खरे पायउतार झाले आणि शुक्ल मुख्यमंत्री झाले. गावोगाव शाळा नव्हत्या, सरकारजवळ पैसा नव्हता. शुक्लांनी तोड काढली. गावातल्या कुणी जमीन दान द्यावी, तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी. कल्पना नामी होती. शाळेला नाव दिले 'विद्यामंदिर'.

आपल्या कानाला यात काहीच खटकत नाही. संस्कृतात मंदिर म्हणजे घर. पण शब्दाचा अर्थ कोशात एक असतो आणि गल्लीत दुसरा. मुसलमान पालकाला त्यात देऊळच ऐकू आले. फारसीत 'दर्गाह' म्हणजे उंबरठा किंवा दरबार. सरकारने शाळेचे नाव 'इल्मचा दर्गा' ठेवले असते, तर आपण कोश उघडून बसलो असतो का?

मुस्लिम लीगने हा धागा पकडला. १९३८ च्या अखेरीस पीरपूरच्या राजांच्या समितीचा अहवाल आला. त्यात विद्यामंदिर होते, वंदे मातरम् होते, गांधीजींच्या तसबिरीपुढे मुलांना हात जोडायला लावतात अशीही तक्रार होती. वंदे मातरम् ची पहिली दोनच कडवी म्हणावीत, असे काँग्रेसने ऑक्टोबर १९३७ मध्येच ठरवले होते. पण ते कोण सांगणार? विद्यामंदिर आणि वर्धा शिक्षण योजना या दोन वेगळ्या गोष्टी, प्रचारात त्यांची खिचडी झाली. वर्धा योजनेच्या समितीचे अध्यक्ष तर डॉ. झाकिर हुसेन होते, जे १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले!

एका बाजूच्या पत्रांत सगळा जुलूम, दुसऱ्या बाजूच्या पत्रांत सगळा अपप्रचार. काही तक्रारी खऱ्या असतील, काही फुगवलेल्या असतील, हे म्हणायला कुणी तयार नव्हते. ऑक्टोबर १९३९ मध्ये राजेंद्रबाबूंनी सुचवले की फेडरल कोर्टाचे सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्याकडून चौकशी करवू. जिनांनी ते मानले नाही. नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला आणि २२ डिसेंबरला लीगने 'मुक्तिदिन' पाळला. चौकशी राहिली ती राहिलीच. पुढे फाळणीच्या काळात याच न तपासलेल्या गोष्टी लोकांच्या मनात पुराव्यासारख्या बसल्या होत्या.

अकोल्याला इतिहास शिकवताना मी हा प्रसंग वर्गात मुद्दाम सांगायचो. अभ्यासक्रमात नव्हता, परीक्षेला येणार नव्हता. अर्ध्या मुलांना लीगची बाजू मांडायला सांगायचो, अर्ध्यांना सरकारची. मग पाळी बदलायचो. एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, पण त्या गावात शाळा निघाली का नाही, ते सांगा ना!" सगळा वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. दोन्ही बाजूंच्या गदारोळात हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

शाळेवर, तिथल्या मास्तरावर देशद्रोहाचा शिक्का मारायला एक अर्धवट व्हिडिओ पुरतो. तो पुसायला मास्तराची उरलेली नोकरी पुरत नाही. म्हणून नातवंडांना माझे एकच सांगणे आहे, असे काही आले तर पुढे ढकलण्याआधी त्या शाळेत जाऊन विचारा. अमरावती ते अकोला दोन तासांचा रस्ता आहे, काही सातासमुद्रापार नाही.

असो. आपल्या नात्यागोत्यात विद्यामंदिरात शिकलेले कुणी असेल, कुणाच्या आजोबांनी त्यासाठी जमीन दिली असेल, तर मला जरूर कळवा.