कागदाची किंमत : १८६५ चा कापूस ते आपल्या बँकेचा ताळेबंद

लांब पोस्ट आहे. सवडीने वाचा, पण वाचा. विषय रुक्ष वाटेल, पण पैसे आपलेच आहेत.

मागे एका पतसंस्थेच्या आमसभेला बातमीसाठी गेलो होतो. नाव सांगत नाही, त्याने काही फरकही पडत नाही. अहवाल वाचून झाला, लाभांश जाहीर झाला, टाळ्या झाल्या. मग मागच्या रांगेतून एक रिटायर मास्तर उठले. हातात छापील अहवाल, बोट एका ओळीवर.

"अध्यक्षसाहेब, इथं गुंतवणूक म्हणून जो आकडा लिहेल हाय, तो खरेदीचा हाय का आजचा? आज इकायले काढलं तं किती येतील?"

सभागृहात थोडं हसू उमटलं. उत्तर आलं, "मास्तर, मुद्दल सेफ आहे, काळजी करू नका." विषय मंजूर झाला आणि लोक जेवणाच्या रांगेत गेले.

मास्तरांचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. बँकेच्या तिजोरीत किंवा आता कॉम्प्युटरवर जो कागद असतो, रोखा म्हणा, शेअर म्हणा, त्याची खरी किंमत कोण ठरवतो आणि कशी? या एका प्रश्नावर मोठमोठ्या बँका बसल्या आहेत. त्याची सुरुवात आपल्याच काळ्या मातीतून होते.

*

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस इंग्लंडला जाणं बंद झालं आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. वऱ्हाड तेव्हा इंग्रजांच्या कारभाराखाली होता आणि खामगाव ही वऱ्हाडातली कापसाची मोठी पेठ. (खामगाव आणि जळगाव हे तालुके त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते, बुलडाण्यात आले १९०५ मध्ये.) कापसाचे भाव कुठच्या कुठे गेले आणि पैशाचा लोंढा मुंबईला जाऊन थडकला.

एवढ्या पैशाचं करायचं काय? कंपन्या निघाल्या. समुद्र बुजवून जमीन करायची, त्या जमिनीचे शेअर विकायचे. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या वर गेला. या खेळातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे प्रेमचंद रायचंद.

आता बँकेकडे या. १८४० मध्ये सुरू झालेली बँक ऑफ बॉम्बे ही सरकारी भागभांडवल असलेली, अतिशय प्रतिष्ठित बँक होती. १८६३ च्या नव्या कायद्याने तिच्यावरची जुनी बंधनं सैल झाली आणि शेअर तारण ठेवून कर्ज देणं सुरू झालं. आज बाजारात शेअर पन्नास हजारांचा आहे ना, मग तेवढ्या किमतीचं तारण धरा. भाव वाढला की तारण वाढलं, तारण वाढलं की कर्ज वाढलं, कर्जाच्या पैशातून पुन्हा शेअरची खरेदी आणि भाव आणखी वर. स्वतःच्या शेपटीमागे धावणाऱ्या कुत्र्यासारखं ते चक्र होतं.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ ला वायद्याचे सौदे पुरे करायची वेळ आली तेव्हा कुणाकडेच पैसे नव्हते. बॅक बेचा तोच शेअर दोन हजारांच्या खाली आला. खुद्द बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर ८७ रुपयांवर आला. १८६८ मध्ये बँक गुंडाळावी लागली, चौकशी आयोग बसला आणि त्याच नावाची नवी बँक काढण्यात आली. ती पुढे इम्पिरिअल बँकेत आणि तिथून आजच्या स्टेट बँकेत विरघळली.

लक्षात घ्या, इथे बाजारभाव खोटा नव्हता. त्या दिवशी त्या किमतीला खरंच सौदे होत होते. पण बँकेने विचारायला हवं होतं की हा भाव कशावर उभा आहे, आणि उद्या सगळेच विकायला निघाले तर मिळेल का? ते विचारलं गेलं नाही. खामगावच्या पेठेत मंदी आली तशी ती मुंबईच्या बँकेतही पोचली. दोन वर्षांनी, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये जलंब ते खामगाव ही खास कापसासाठीची शाखा सुरू झाली, पण तोपर्यंत तेजी संपलेली होती.

*

त्यानंतर बँका सावध झाल्या आणि दुसऱ्या टोकाला गेल्या. कागद ज्या किमतीला घेतला तीच किंमत वहीत कायम ठेवायची. स्वातंत्र्यानंतरही अनेक दशकं सरकारी रोख्यांच्या बाबतीत साधारण हीच रीत होती. सरकार काही बुडत नाही, मुदत संपली की पैसे येतात, मग रोजचा भाव कशाला बघायचा?

यातली गोम एका उदाहरणाने सांगतो.

समजा बँकेने १०० रुपयांचा सरकारी रोखा घेतला. दहा वर्षं मुदत, वर्षाला ७ रुपये व्याज. काही दिवसांतच व्याजदर वाढले आणि बाजारात ८ टक्क्यांचे नवे रोखे आले. आता तुमचा ७ टक्केवाला कोण १०० ला घेईल? हिशोब केला तर त्याची किंमत येते सुमारे ९३ रुपये ३० पैसे. म्हणजे बँकेकडे असे १० कोटींचे रोखे असतील तर आज विकल्यावर साधारण ९ कोटी ३३ लाखच हातात येतील. ६७ लाखांचा खड्डा आहे, पण वहीत दिसत नाही.

बँक म्हणेल, आम्ही विकणारच नाही, दहा वर्षं थांबू, पूर्ण १०० घेऊ. हे म्हणणंही चुकीचं नाही. थांबता आलं तर खड्डा आपोआप भरतो. प्रश्न एवढाच की ठेवीदार थांबतील का? मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेचं हेच झालं. रोखे अमेरिकन सरकारच्या हमीचे, एकदम पक्के. पण ठेवीदार पैसे मागू लागले, २१ अब्ज डॉलरचे रोखे विकावे लागले, त्यात १.८ अब्जांचा तोटा उघड झाला. मग दारात आणखी गर्दी झाली आणि दोन दिवसांत बँक बंद.

*

आपल्याकडे डोळे उघडले १९९२ मध्ये. हर्षद मेहता प्रकरण सगळ्यांना शेअर बाजारामुळे आठवतं. पण मूळ घोटाळा सरकारी रोख्यांचा होता. रोखा प्रत्यक्ष हातात न देता 'बँक रिसीट' नावाची पावती द्यायची चाल होती. पावतीचा अर्थ, रोखा आमच्याकडे आहे, नंतर देतो. बँक ऑफ कऱ्हाड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक या दोन लहान बँकांनी रोखे नसतानाही अशा पावत्या दिल्या आणि मोठ्या बँकांनी त्या खऱ्या धरून पैसे मोजले. जानकीरामन समितीने हे सगळं खणून काढलं. सातारा जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव लावणारी ती बँक त्यात संपली.

त्याच सुमाराला रिझर्व्ह बँकेने नियम आणला की रोख्यांचा काही हिस्सा बाजारभावाने दाखवा. सुरुवातीला ३० टक्के, मग हळूहळू वाढवत नेला. सप्टेंबर २००० पासून तीन कप्पे झाले : मुदतीपर्यंत ठेवायचे, विकायला उपलब्ध, आणि खरेदी-विक्रीसाठीचे. पहिल्या कप्प्याला खरेदीची किंमत चालेल, बाकी दोघांना बाजारभाव लावायचा. म्हणजे मास्तरांच्या प्रश्नाचं उत्तर कप्प्यावर अवलंबून असतं.

आणि एवढे नियम झाल्यावर दोनच वर्षांत आपल्या विदर्भात काय झालं? होम ट्रेड. जाहिरातीत सचिन तेंडुलकर, शाहरुख खान, हृतिक रोशन. जिल्हा बँकांनी सरकारी रोखे घ्यायला दलाल कंपन्यांना पैसे दिले, रोखे आलेच नाहीत. नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेचे सव्वाशे कोटींच्या वर पैसे अडकले. वर्धा आणि उस्मानाबादच्या जिल्हा बँकाही होरपळल्या. इथे बाजारभावाचा प्रश्न फार पुढचा होता, मुळात कागदच नव्हता. नागपूरच्या प्रकरणाचा निकाल लागला डिसेंबर २०२३ मध्ये, एकवीस वर्षांनी. बँकेच्या तत्कालीन अध्यक्षांसह सहा जणांना पाच वर्षांची शिक्षा झाली, त्याविरुद्ध अपील झालं. तोपर्यंत कितीतरी ठेवीदार शेतकरी हयातही राहिले नसतील.

*

मग आज बँका किंमत काढतात कशी? रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये व्यापारी बँकांसाठी नवे निर्देश काढले, १ एप्रिल २०२४ पासून लागू. त्यात किंमत काढण्याच्या तीन पायऱ्या आहेत. इंग्रजी नावं सोडा, कापसावर समजून घ्या.

पहिली पायरी : तुमच्या घरात जो कापूस आहे, अगदी त्याच प्रतीचा कापूस आज खामगावच्या बाजार समितीत लिलावात विकला गेला. तोच भाव लावा. वाद नाही.

दुसरी पायरी : त्या प्रतीचा लिलाव आज झाला नाही. पण काल अकोल्यात जवळपास तसाच कापूस विकला गेला. त्यात धाग्याच्या लांबीचा फरक, ओलाव्याचा फरक, गाडीभाडं वजाबाकी करून भाव काढा. रोज विकले न जाणारे सरकारी रोखे असेच मोजतात. एफबीआयएल नावाची संस्था रोजचे दर जाहीर करते, त्यावरून बँका आपल्या रोख्याची किंमत लावतात.

तिसरी पायरी : कापूस अजून शेतातच उभा आहे. एकरी किती निघेल, बोंडअळी येईल का, दिवाळीनंतर भाव काय राहील, सगळा अंदाज. कुठल्याही शेअर बाजारात नसलेल्या कंपनीचा शेअर, गुंतागुंतीचे करार हे या पायरीवर येतात. आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पीकपाण्याचं, भावाचं भाकीत सांगतात. बँका घटाऐवजी गणिती मॉडेल मांडतात. फरक हा की बँकेने कुठली गृहीतकं धरली ते लिहून ठेवावं लागतं आणि ऑडिटरला दाखवावं लागतं.

तिसऱ्या पायरीवर बेईमानीला सगळ्यात जास्त जागा आहे, म्हणून नियमही तिथेच कडक. अंदाजाने किंमत जास्त निघाली तर खरेदीच्या दिवशीच तो नफा धरता येत नाही, पण तोटा निघाला तर लगेच दाखवायचा. अंदाजातल्या नफ्यातून लाभांश वाटायचा नाही. आणि नोंद नसलेल्या कंपनीचा ताजा ताळेबंदच बँकेकडे नसेल, तर त्या कंपनीच्या सगळ्या शेअरची मिळून किंमत धरायची एक रुपया. होय, एक रुपया. हा नियम मला फार आवडतो. कागद दाखवता येत नसेल तर त्याचा भाव एक रुपया.

*

आता आपल्या जिल्ह्यावर येतो.

वरचे निर्देश व्यापारी बँकांसाठी आहेत. नागरी आणि जिल्हा सहकारी बँकांचे नियम वेगळे, आणि पतसंस्था तर रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतच येत नाहीत, त्यांच्यावर सहकार खात्याची देखरेख. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे (फेब्रुवारी २०२० पासून). पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगा.

आपण काय काय पाहिलं ते आठवा. २०१२ मध्ये परवान्याअभावी बुलडाणा, वर्धा आणि नागपूर या तीन जिल्हा बँकांवर नव्या ठेवी घ्यायला बंदी आली. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्राने देशातल्या अशा २३ बँकांसाठी मदत योजना मंजूर केली, त्यात महाराष्ट्रातल्या याच तीन होत्या. पुढे गाडी रुळावर आली, पण मधल्या काळात पीककर्जासाठी शेतकरी कुणाच्या दारात गेला ते आपल्याला माहीत आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये मलकापूर अर्बन बँकेवर निर्बंध आले, खात्यातून फक्त दहा हजार काढता येत होते. ५ जुलै २०२३ ला तिचा परवाना रद्द झाला. ९७ टक्क्यांहून जास्त ठेवीदारांची रक्कम विम्यात पूर्ण बसत होती. उरलेल्यांच्या घरी जाऊन आकडेवारी सांगून बघा.

या दोन्ही प्रकरणांचं कारण रोख्यांचं मूल्यांकन होतं असं मी म्हणत नाही. पण कर्ज हाही शेवटी कागदच. वहीत लाखाचं कर्ज दिसतं, वसूल किती होणार? रोखा असो की कर्ज, तारण असो की शेअर, वहीतला आकडा आणि हाती येणारा पैसा यांत अंतर किती, हाच प्रश्न. १८६५ मध्ये तो मुंबईच्या संचालकांनी विचारला नाही. २००२ मध्ये जिल्हा बँकांच्या संचालकांनी विचारला नाही. विचारला तो मागच्या रांगेतल्या मास्तरांनी, आणि त्यांना आपण हसलो. मीही त्या दिवशी बातमीत मास्तरांचा उल्लेख केला नाही. लाभांशाची बातमी केली, अध्यक्षांच्या फोटोसकट. ती चूक या पोस्टमधून कबूल करतोय.

येत्या आमसभेला जाल तेव्हा जेवणाआधी तीनच गोष्टी विचारा.

१. गुंतवणुकीचा आकडा खरेदीचा आहे की आजच्या भावाचा? दोन्ही सांगा.
२. रोखे डीमॅट स्वरूपात संस्थेच्याच नावावर आहेत का? (होम ट्रेडनंतर रिझर्व्ह बँकेने बँकांना हे बंधनकारक केलं आहे.)
३. भाव पडला तर तोटा सोसायला वेगळा निधी किती बाजूला काढला आहे?

उत्तर मिळालं नाही तर इतिवृत्तात प्रश्न नोंदवायला लावा. तो सभासदाचा हक्क आहे. आणि मला कळवा. या वेळी बातमी प्रश्नाचीच करीन.